मी 'नंतर' म्हटलं होतं

मोरेश्वर चाळ, लालबाग
८ मे २०२५

चि. मेघू,

आत्याचा आशीर्वाद. मी फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवरचं मला ऐकू येत नाही, आणि टाइप करायला गेले की बोट पडतं एका अक्षरावर आणि उमटतं दुसरंच. म्हणून हे पाकीट. पोस्टातली बाई म्हणाली, "आजी, गिरगावलाच ना? बसने जाऊन हातात द्या की." म्हटलं, "भाची घरात सापडली तर देईन."

टोमणा नाही हा. पण तुझं ऑफिस लोअर परळला, माझी खोली लालबागला, आणि तू शेवटची आलीस ती संक्रांतीला.

आता कामाचं. चाळ पाडून टॉवर होणार, कमिटीच्या सगळ्या नोटिसा आता फोनवर येणार, म्हणून खालच्या मजल्यावरच्या सुरुचीने मला नवा फोन लावून दिला. त्याने माझं डोकं उठवलंय. ऐकू येत नाही म्हणून तिने तो थरथरता ठेवला. फळीवर ठेवला की थरथरत कडेपर्यंत येतो. धावत जाऊन उचलावा तर कोणी भाजी विकतं, कोणी माझी रास सांगतं, कोणी विचारतं आमचं ॲप आवडलं का, किती तारे देता. मी कसले तारे देणार, गो? पन्नासदा हातातलं काम टाकून बघते. न जाणो, कोणाचं बरंवाईट असेल.

चाळीचंही एक ॲप आहे. ते कसलातरी फॉर्म भरा म्हणतं. पण त्यात 'नंतर आठवण करा' असं बटण आहे, ते मला आवडलं. कोणीतरी भल्या माणसाने केलेलं दिसतंय. दोनदा तेच दाबलं.

गुणवंती इथे नाही. मोरीत पाय घसरला, खुब्याला मार बसला. हाड मोडलं नाही, पण निमेश आईला शीव कोळीवाड्याला स्वतःकडे घेऊन गेला. भिंतीपलीकडची खोली एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा इतके दिवस बंद आहे. तिला दिसेनासं झाल्यापासून रोज सकाळी सातला इन्सुलिन टोचायची मला इतकी सवय, की सात वाजले की मी उठून हात धुते, आणि मग आठवतं.

हा फोन गप्प कसा करायचा तेवढं लिही.

तुझी
आत्या


गिरगाव
१९ मे २०२५

प्रिय आत्या,

पत्र मिळून आठवडा झाला. कॅन्टीनमध्ये घाईघाईत वाचलं, एका मीटिंगमधून दुसरीत जाताना. उशिराबद्दल सॉरी म्हणायचाही कंटाळा आलाय, इतक्या जणांना रोज म्हणते.

फोन असा गप्प कर. सुरुचीला जवळ बसव. 'सेटिंग्ज' म्हणून दातेरी चाकाचं चित्र आहे, त्यात जा. तिथे 'नोटिफिकेशन्स'. सगळ्या ॲपची यादी येईल, प्रत्येकापुढे एक खटका. साधे फोन आणि मेसेज सोडून सगळे खटके बंद करून टाक. एकही ठेवू नकोस. काही बिघडत नाही. खरंच महत्त्वाचं असेल तर माणूस घरी येऊन सांगतं.

तू नेहमी विचारतेस ना, मी नेमकं काय करते? हेच. आमची कंपनी ॲप बनवते आणि वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना त्यांच्या नावाने देते. त्यातलं नोटिफिकेशन कधी जावं, चौकट कधी उघडावी, तिच्यात काय लिहावं, हे मी ठरवते. नऊ वर्षं. माझ्यासारख्या लोकांमुळे तुझा फोन थरथरतो, असं म्हण.

पण मी त्यातल्या त्यात सभ्य आहे हं. माझा एक नियम आहे, ऑफिसात भांडून लावून घेतलेला. कुठलीही गोष्ट माणसाला तीनदाच विचारायची. तीनदा त्याने 'नंतर' म्हटलं की समजायचं, त्याला नकोय, आणि गप्प बसायचं. लोकांना छळायचं नाही. बाकीचे दहा-दहा वेळा विचारतात. नऊ वर्षांत अभिमान वाटावा असं एवढंच केलंय.

गुणवंती मावशीला विचारल्याचं सांग. येते लवकरच.

तुझी
मेघना


मोरेश्वर चाळ, लालबाग
२७ मे २०२५

चि. मेघू,

तुझं भलं होवो. सुरुची आणि मी तासभर बसलो, एकेक खटका पाडला. शेवटी ती म्हणाली, "आत्या, चाळीचं ठेवू का?" मी तुझं पत्र दाखवलं, 'एकही ठेवू नकोस' लिहिलेलं. तिने तेही पाडलं. आता फोन फळीवर कसा शहाण्यासारखा पडून असतो. परवा सबंध दुपार मी झोपले.

चाळीच्या ॲपने त्याआधीच विचारायचं सोडलं होतं. मी तिसऱ्यांदा 'नंतर' म्हटलं, त्यानंतर चौकट आलीच नाही. तुझ्यासारखंच कोणी सभ्य असणार.

त्यात काय विचारतात ते तुला सांगते, तुझं मत हवंय. नव्या टॉवरमध्ये कोणाला कुठलं घर ते कॉम्प्युटर ठरवणार. पण त्याआधी आपल्या मजल्यावर कोण शेजारी हवं, त्यांची दोन नावं द्यायची. दोघांनीही एकमेकांची नावं दिली असली तर जवळजवळ घरं मिळतात. मी गुणवंतीचंच नाव देणार, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण तिला न विचारता कसं द्यायचं? तिचा मुलगा आहे, सून आहे. तिच्या मनात दुसरं काही असेल. तिला दीर आहेत, ते म्हणतील आमच्या बाजूला ये. आपण नाव घालून तिला अडचणीत का टाकायचं? ती पंधरा जूनपर्यंत येईल. आली की दोघी बसून, चहा घेऊन भरू, असं ठरवलंय.

घाई नाही ना त्याची? कमिटीने जिन्यात काही लावलेलं नाही. ॲपही गप्प आहे म्हणजे मुदत असणार. तरी तुला त्यातलं कळतं म्हणून विचारते. सवडीने सांग.

आंबे ठेवलेत तुझ्यासाठी. चार उरलेत.

आत्या


गिरगाव
१३ जून २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र आज वाचलं. कमिटीला लगेच विचार, फॉर्मची शेवटची तारीख काय होती. आजच विचार. अध्यक्षांना सांग की तू नकार दिलेला नाहीस, तू थांबली होतीस.

त्या ॲपवर हिरव्या घराचं छोटं चित्र आहे का, तेही बघून ठेव.

मी रविवारी येते. तेव्हा सगळं बोलू.

मेघना


मोरेश्वर चाळ, लालबाग
२३ जून २०२५

चि. मेघू,

रविवारी तू आली नाहीस. त्याच्या पुढच्या रविवारीही आली नाहीस. आंबे मी सुरुचीला दिले.

तारीख दहा जून होती. तुझं पत्र मला सोळाला मिळालं. वीस तारखेला यादी जिन्यात लागली. मी 'ए' विंग, एकोणिसावा मजला. गुणवंती 'बी' विंग, सहावा.

ती त्याच दिवशी आली, वॉकर घेऊन. निमेशने यादी वाचून दाखवली. तिने वॉकर वळवला. म्हणाली, "चल, पाठ टेकते जरा." तेव्हापासून आम्ही त्यावर बोललेलो नाही. सकाळी इंजेक्शन देते, ती दंड पुढे करते, मी टोचते, ती पदर ओढून घेते. पूर्वी त्या पाच मिनिटांत सगळ्या चाळीची खबर मला ओरडून सांगायची. आता काहीच नाही. तिला वाटत असणार, जाईबाईने माझं नाव घातलं नाही. वाटणारच. दुसरं काय वाटेल?

अप्पा आमच्या कमिटीचे अध्यक्ष, तुला आठवत असतील, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्याकडे गेले. ते बोलत होते ते ऐकू येईना, म्हणून सुरुची मला कागदावर लिहून देत होती. तिने लिहिलं, 'अप्पा म्हणतात, ॲपमध्ये तुमच्या नावापुढे पसंती नाही असं आलंय. तुम्हाला तीन वेळा विचारलं, तुम्ही तीन वेळा नको म्हणालात.'

मी म्हटलं, "अप्पा, मी नको म्हटलं नाही. मी नंतर म्हटलं."

ते हसले. वाईट नाही हसले, दमल्यासारखे हसले. त्यांनाही रोज शंभर जण येऊन ओरडून जातात. सुरुचीने लिहिलं, 'म्हणतात, कॉम्प्युटरला ते एकच.'

मी एकाहत्तर वर्षांची आहे. मिलमध्ये वायंडिंग खात्यात वीस वर्षं धागा तुटला की गाठ मारत होते, डोळे मिटून. आणि एक बटण मला दाबता आलं नाही नीट. चूक माझीच. एवढं कशाला थांबायचं होतं? तिचं नाव लिहून मोकळी झाले असते, तर आवडलं नसतं तर रागावली असती. रागावली असती तर बोलली तरी असती.

हो, हिरव्या घराचं चित्र आहे. का विचारलंस?

आत्या


गिरगाव
२८ जून २०२५

आत्या,

चूक तुझी नाही. हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला बसलेय. आता जसं येईल तसं लिहिते.

ते ॲप आमचं आहे. हिरवं घर आमच्या ऑफिसातच काढलं. ती चौकट मी लिहिली, 'नंतर आठवण करा' हे शब्द माझे, आणि तीनदा विचारून गप्प बसायचा नियम तोच, ज्याचं मी तुला कौतुक सांगितलं. तुझ्या चाळीला ते दिलंय हे मला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांची यादी वेगळी टीम बघते. पण तुझ्या पहिल्याच पत्रात ते बटण होतं. मी कॅन्टीनमध्ये उभ्याने वाचलं आणि नीट वाचलं नाही.

मुदत संपायच्या आधी आठ आणि नऊ जूनला सगळ्यांना शेवटचं नोटिफिकेशन गेलं होतं. तुला आलं नाही, कारण खटका बंद होता. तो मी बंद करायला लावला.

आणि तुझं दुसरं पत्र, 'घाई नाही ना' विचारणारं. ते मला एकतीस मेला मिळालं होतं. मी ते बॅगेत टाकलं. तेरा दिवस तिथेच होतं. रोज डबा काढताना हाताला लागायचं. तुझं अक्षर बघून वाटायचं, शांतपणे वाचू, रविवारी वाचू. रविवारी ऑफिसचं काम निघायचं. तुझा फोन मी गप्प केला, पण माझा कधीच गप्प नसतो, आत्या. दिवसभर सगळे मलाच काहीतरी विचारत असतात. त्यात ज्याचा आवाज होत नाही ते मागे राहतं. तुझं पत्र आवाज करत नव्हतं. त्या दहा दिवसांत मी ते फोडलं असतं तर फॉर्म भरता आला असता. म्हणून मी आले नाही. एकदा करी रोडच्या पुलापर्यंत आले आणि परत फिरले.

मग मी ऑफिसात नोंदी काढून बघितल्या. शहाण्णव घरांपैकी तेवीस घरं तुझ्यासारखी आहेत. तीनदा 'नंतर' म्हणाली, आणि मग त्यांना कोणी विचारलंच नाही. नाव-वय लावून पाहिलं तर बहुतेक म्हातारी माणसं. ती वयामुळे चुकली नाहीत. कोणी मुलीला विचारायला थांबलं असेल, कोणी चष्मा शोधायला.

निलेशकडे गेले. तो माझा बॉस. म्हणाला, "मेघना, तीन वेळा विचारल्याची नोंद आहे. आपण सेफ आहोत. गिऱ्हाइकाने यादी लावली, विषय संपला."

मी म्हटलं, "त्यातली एक माझी आत्या आहे."

त्याने लॅपटॉप मिटला. माणूस वाईट नाही. मग म्हणाला, "मग तर तू यात पडूच नकोस."

अजून एक गोष्ट मी तिथे बघितली. ती बघायची मला परवानगी नव्हती, सांगायची तर नाहीच नाही. पण तू लिहिलंस की मावशी बोलत नाही, म्हणून सांगते. गुणवंती मावशीचा फॉर्म दोन मेला भरलेला आहे, निमेशच्या फोनवरून. चौकट पहिल्यांदा उघडली आणि चार मिनिटांत भरलाय. दोन नावांची जागा होती. तिने एकच दिलंय. तुझं.

सोबत एक कागद आहे, माझ्या सहीचा. ॲपने विचारणं कधी आणि का थांबवलं, 'नंतर' म्हणजे नकार नव्हता, हे त्यात लिहिलंय. कोणाचं नाव घातलेलं नाही, फक्त तेवीस हा आकडा. अप्पांना दे. कंपनीने विचारलं तर मी दिला म्हणून सांगेन.

माफ कर असं लिहीत नाही. लिहायला सोपं आहे ते.

मेघना


मोरेश्वर चाळ, लालबाग
११ जुलै २०२५

मेघना,

तुझं पत्र वाचलं आणि कागदासकट कपाटात ठेवून दिलं. चार दिवस काढलं नाही. राग आला होता. बटणाचा नाही आला. ते तू कोणासाठी तरी भल्या मनाने केलं असशील. बॅगेचा आला. तुझ्या आईबापामागे तू या खोलीत अकरा वर्षं राहिलीस, शाळेतून आलीस की आधी दप्तर रिकामं करायचं अशी शिस्त होती. तेरा दिवस? राग अजून आहे. लपवत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी इंजेक्शन द्यायला गेले. टोचलं, सुई काढली आणि म्हटलं, "गुणवंती, मी तुझं नाव दिलं नाही, कारण तुला विचारायचं होतं. तू यायची वाट बघत होते."

ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे माझा आवाज येतो त्या बाजूला. मग माझा हात धरून कानाजवळ तोंड आणलं आणि अशी ओरडली, की सुरुची खालून वर आली. "मला विचारायला थांबलीस? चाळीस वर्षं माझ्या घरात घुसतेस, माझ्या टोपातलं कालवण वाढून घेतेस, कधी विचारलंस? आणि हे विचारायला थांबलीस?"

मग रडली. मीही. खूप दिवसांनी तिचा आवाज नीट ऐकू आला.

तिलाही वाटत होतं की मला ती नको असेल. आंधळी शेजारीण, रोजची सुई, म्हातारपणी कोण मागे लावून घेईल, असं. म्हणून ती विचारत नव्हती. तिने माझं नाव दिलं होतं तेही सांगितलं नाही, मला भरीला घातल्यासारखं होईल म्हणून. मी तिला सांगितलं की मला ते ठाऊक आहे. कसं, ते सांगितलं नाही.

कागद अप्पांना दिला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, असे आणखी बावीस जण आहेत तर मग ही एका बाईची तक्रार नाही. वीस तारखेला रविवारी सकाळी दहाला मीटिंग लावली आहे, गच्चीत. बिल्डरचा माणूस येणार. अप्पा म्हणतात, नुसत्या कागदाला तो मानणार नाही, लिहिणारीने उभं राहून सांगायला हवं.

तुझ्या नोकरीचं काय होईल ते मला ठाऊक नाही. म्हणून ये असं म्हणत नाही. तारीख कळवली.

आत्या


गिरगाव
२४ जुलै २०२५

प्रिय आत्या,

मीटिंगमध्ये तू पहिल्या रांगेत बसली होतीस, पण तुला काही ऐकू आलं नसणार. आणि नंतर मला थांबता आलं नाही, निलेशचा निरोप आला होता. म्हणून काय काय झालं ते लिहिते.

बिल्डरच्या माणसाने सुरुवातीलाच सांगितलं, "यादी फायनल आहे. सगळ्यांना समान संधी मिळाली." मग अप्पांनी मला उभं केलं. नऊ वर्षं चौकटी लिहिल्या, पण त्या ज्यांच्यासमोर उघडतात त्यांच्यासमोर कधी उभी राहिले नव्हते.

मी नियम सांगितला. साध्या शब्दांत सांगितला. मागून एक आजोबा म्हणाले, "म्हणजे मी चष्मा करायला टाकला होता, तोवर तुम्ही माझं ठरवून टाकलंत?" मी हो म्हटलं. एक बाई म्हणाली, "मला वाटलं पुन्हा विचारतील. तसं लिहिलंच होतं, आठवण करू म्हणून." लिहिलंच होतं. मीच लिहिलं होतं, आणि तिसऱ्यांदा दाबल्यावर आठवण करायचीच नाही हेही मीच ठरवलं होतं. इतक्या वर्षांत हे माझ्या कधी लक्षात आलं नाही, आत्या. कोणाच्याच आलं नाही.

बिल्डरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमच्या कंपनीला माहितीये का तुम्ही इथे आहात?"

मी म्हटलं, "उद्या कळेल."

मग अर्धा तास नुसता गोंधळ. शेवटी अप्पांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "तेवीस घरांचं हे मिटल्याशिवाय एकही खोली खाली होणार नाही. माझी धरून." तेव्हा तो माणूस बाजूला जाऊन फोनवर बोलला. आला आणि म्हणाला, यादी मोडणार नाही, पण या तेवीस जणांपैकी कोणाशी कोणी राजीखुशीने घर बदलून घेणार असेल, तर एकतीस ऑगस्टपर्यंत बदलू देऊ. एवढंच मिळालं. ज्याला बदलून देणारं कोणी भेटणार नाही त्याचं तसंच राहणार. मला यापेक्षा जास्त मिळवता आलं नाही.

ऑफिसात काढून टाकलं नाही. लेखी ताकीद दिली आणि दुसऱ्या कामावर टाकलं. आता मी वीजबिलाच्या ॲपमधल्या चौकटी लिहिते. चाळीच्या ॲपमध्ये शेवटची तारीख चौकटीतच लिहायचं ठरलंय, तेवढी सुधारणा झाली. तीनदा विचारायचा नियम आहे तसाच आहे. निलेश म्हणाला, बदलायला तीन महिने लागतील, पुढच्या वर्षी बघू.

खूप दमलेय. पण रविवारी येते. या वेळी खरंच येते.

मेघना


शीव कोळीवाडा
२९ सप्टेंबर २०२५

चि. मेघू,

वरचा पत्ता वाचून दचकशील. तू ऑफिसच्या कामाला बाहेरगावी होतीस त्या तीन आठवड्यांत बरंच झालं. सांगते.

चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा तो राजेश, त्याला 'बी' विंगमध्ये सहावा मजला मिळाला होता. त्याच्याशी माझं घर बदललं हे तुला माहीत आहे. त्याच्या बायकोला उंचावर राहायचं होतं, हवा येते म्हणून. एकोणिसावा मजला म्हटल्यावर तिने पेनसुद्धा स्वतःचं आणलं. माझं घर गुणवंतीच्या अगदी शेजारी नाही, मध्ये तीन दारं आहेत. त्या दारांतल्या माणसांना विचारून बघितलं, ती तयार झाली नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. तेवीसपैकी नऊ जणांचं असं जमलं. चौदा जणांचं नाही. चष्मेवाले आजोबा त्या चौदांतले. जिन्यात भेटले की नमस्कार करायचे, मला मान वर करवत नसे.

गणपती झाले, मग पितृपक्ष. त्यात कोणी घर हलवत नाही. तो संपल्यावर चोवीस तारखेला खोल्या खाली करायच्या होत्या. टॉवर व्हायला तीन वर्षं म्हणतात. मी नायगावात एक भाड्याची खोली बघून ठेवली होती, तळमजल्याची. गुणवंती निमेशकडे जाणार. तीन वर्षांनी सहाव्या मजल्यावर भेटू, असं आम्ही एकमेकींना म्हणत होतो. दोघींची वयं धरता ते किती खरं, ते दोघींना कळत होतं.

चोवीसला टेम्पो आला. आधी तिचं सामान चढलं. माझं बांधून दाराशी ठेवलेलं. निमेश वर आला, माझी ट्रंक उचलली आणि खाली निघाला. मी म्हटलं, "अरे, ती माझी आहे." तो वळला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि ओठ वाचता येतील असं सावकाश म्हणाला, "मावशी, माळ्यावरची खोली रिकामी आहे. किर्तीने झाडून ठेवलीय. जिना उभा आहे, आणि खाली सुकटीचा वास येतो. येता का?"

मेघू, माझ्या तोंडात आलंच होतं, की बघते, विचार करते, भाचीला विचारून कळवते. नायगावच्या खोलीवाल्याला शब्द दिला होता. आणि किती दिवस कोणाच्या घरात राहायचं? किर्ती म्हणजे सून, तिला काय वाटेल? हे सगळं आलं मनात. खाली टेम्पोत गुणवंती ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिने वर बघितलं नाही. बघून तिला दिसणार नव्हतंच. ती नुसती बसली होती, हातात वॉकर घट्ट धरून.

मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

जिना खरंच उभा आहे. दोन दिवस गुडघे बोलतायत. झोप नीट लागत नाही. किर्ती चांगली आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात कुठे काय ठेवायचं ते अजून कळत नाही, आणि वास तर आहेच. त्याची सवय होईल की नाही ठाऊक नाही. तू आलीस की खालूनच हाक मार, म्हणजे किर्तीला ऐकू जाईल, मला जाणार नाही.

यापुढे पत्र या पत्त्यावर टाक.

आत्या